पावती मागायला मी लाजले होते

माझ्या भाचीला जन्मतः ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती कर्णबधिर मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जाऊ लागली आणि आठव्या वर्षी सर्वसाधारण शाळेत बसली. मधली पाच वर्षं तिथल्या बाई तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, आरशासमोर बसवायच्या आणि एकेक अक्षर तिच्या तोंडून काढून घ्यायच्या. तिने मला पहिल्यांदा ‘आत्या’ म्हणून हाक मारली, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की हातात थोडे पैसे खेळू लागले की या संस्थेला काहीतरी द्यायचं.

तो योग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. मी संस्थेच्या खात्यात एक लाख रुपये ऑनलाइन भरले. खजिनदार काकांचा लगेच फोन आला. आभार मानून ते म्हणाले, “ताई, पॅन नंबर कळवा, म्हणजे पावतीवर घालतो.” मी म्हटलं, “राहू द्या हो काका, पावतीसाठी थोडंच दिलेत!” या हाताचं त्या हाताला कळू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. दान करायचं आणि वर कागद मागायचा, हे मला कसंसंच वाटत होतं. पुढे डिसेंबरात त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांचं नाटक पाहून राहवलं नाही, म्हणून जवळचे पाच हजार रोख तिथेच दिले. घरातला एक चालू स्थितीतला संगणकही दिला. या तिन्ही गोष्टींकडे आयकर कायदा वेगवेगळ्या नजरेने बघतो, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

जून २०२४ मध्ये ऑफिसातून फॉर्म १६, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा दाखला, मिळाला आणि मी आयकराचं विवरणपत्र भरायला बसले. एक लाखाच्या देणगीचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. हिशोब विभागात विचारलं, तर उत्तर मिळालं, “विमा, भविष्य निर्वाह निधी, गृहकर्जाचं व्याज हे आम्ही धरतो. तुम्ही परस्पर एखाद्या संस्थेला दिलेली देणगी आम्हाला धरता येत नाही. ती तुम्हीच विवरणपत्रात दाखवायची.” ते बरोबरच होतं. आमच्या हाताखालची दोन तरुण मुलं मात्र फॉर्म १६ मध्ये नाही म्हणजे सवलतच नाही, असं समजून गप्प बसली होती.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “पन्नास टक्के सवलत असते ना? म्हणजे तुझा पन्नास हजारांचा कर वाचला.” हा गैरसमज मला इतक्या जणांकडून ऐकायला मिळाला आहे की माझा हिशोब उघड मांडते. देणगीवर सवलत देणाऱ्या कलम ८०जी मध्ये देणग्यांचे चार गट होते. काही निधींना दिलेली रक्कम शंभर टक्के वजावटीला पात्र असते आणि तिला मर्यादाही नसते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स आणि राज्याचा मुख्यमंत्री सहायता निधी हे त्यातले. आपल्या ओळखीच्या बहुतेक सेवाभावी संस्था मात्र शेवटच्या गटात येतात. तिथे वजावट पन्नास टक्के, आणि तीही ठरावीक मर्यादेच्या आत. वजावट म्हणजे उत्पन्नातून वजा होणारी रक्कम. कर वाचतो तो त्या रकमेवरचा, ती रक्कम स्वतः वाचत नाही.

त्या वर्षी माझा पगार ११,५०,००० रुपये होता. पगारदाराला सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५०,००० आणि गृहकर्जाचं व्याज २,००,००० गेल्यावर राहिले ९,००,०००. त्यातून बचतीसाठीच्या कलम ८०सी चे १,५०,००० आणि आरोग्यविम्याचे २५,००० वजा करून उरले ७,२५,०००. मर्यादा काढायची ती याच्या दहा टक्के, म्हणजे ७२,५००. मी एक लाख दिले असले तरी हिशोबात धरले जाणार ७२,५००, आणि वजावट मिळणार त्याच्या निम्मी, ३६,२५०. माझं उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात होतं. उपकर धरून वाचणारा कर झाला ७,५४० रुपये. एक लाखामागे साडेसात हजार. मर्यादेवरचे २७,५०० पुढच्या वर्षी वापरता येतात का, हेही शोधलं. येत नाहीत. हेच एक लाख मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून दिले असते, तर सगळे मर्यादेत बसले असते.

रोख दिलेल्या पाच हजारांचं काय झालं? दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नाही. दोन हजारांपर्यंतचा भाग धरतील आणि वरचा सोडतील, असं मला वाटलं होतं, पण तसं नाही. रोख रक्कम दोन हजारांच्या पुढे गेली की ती सगळीच बाद. संगणकाचंही तेच, वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला वजावट नाही. दोन्हींचं मला वाईट वाटलं नाही. पण त्याच कार्यक्रमात टेबलावर क्यूआर कोड ठेवलेला होता आणि मी पाकीट उघडलं, हे मात्र आठवत राहिलं.

खरी अडचण पुढेच होती. विवरणपत्रातल्या ८०जी च्या तक्त्यात संस्थेचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम भरली, आणि एक रकाना रिकामा राहिला. तिथे देणगीचा संदर्भ क्रमांक हवा होता. तो फॉर्म १०बीई या प्रमाणपत्रावर असतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नियम असा आहे की संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये भरून पुढच्या ३१ मे पर्यंत आयकर खात्याला द्यायची. त्यातून प्रत्येक देणगीदाराच्या नावाचं प्रमाणपत्र तयार होतं. संस्थेच्या छापील पावतीवर आता भागत नाही. आपण सांगितलेली रक्कम आणि संस्थेने सांगितलेली रक्कम जुळावी लागते.

मी नको म्हटलं तरी काकांनी पाठवलेली पावती काढून पाहिली. सुबक छापलेली, शिक्का मारलेली, आणि खाली ८०जी चा जो क्रमांक होता तो २००९ सालचा. ‘कायमस्वरूपी’ असंही छापलेलं. वाचून पोटात गोळा आला. २०२१ पासून या कायमच्या मान्यता संपल्या आहेत. सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि आता ती पाच वर्षांपुरती मिळते.

काकांना फोन केला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बँकेतून निवृत्त, वीस वर्षं संस्थेचे हिशोब बिनपगारी सांभाळणारे. १०बीडी म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाले, “ताई, ऑडिट दरवर्षी वेळेत होतं हो. धर्मादाय आयुक्तांकडे सगळं जातं. हे काय नवीन?” त्यांच्या आवाजातला ओशाळलेपणा ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. साडेसात हजारांसाठी मी या माणसाला पेचात टाकत होते. फोन ठेवून द्यावा असं क्षणभर वाटलं. पण मग मनात आलं, माझ्यासारखे अजून किती जण असतील? त्यातला एखादा विचारणार नाही, फक्त पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेला देईल. मी म्हटलं, “काका, रविवारी येऊ का? दोघं मिळून बघू.”

९ जूनच्या रविवारी आम्ही कार्यालयात बसलो. कपाटातल्या फायलीत एक दिलासा सापडला. संस्थेच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्येच नवी नोंदणी करून ठेवली होती. फॉर्म १०एसी मधला मान्यतेचा आदेश तिथे होता आणि त्यावर संस्थेच्या पॅनपासून सुरू होणारा नवा क्रमांक होता. पावतीपुस्तकं मात्र जुनी छापलेली, म्हणून त्यांच्यावर जुनाच क्रमांक चालू राहिला होता. म्हणजे मान्यता शाबूत होती. इथेच एक गोष्ट मला नीट उमगली. धर्मादाय आयुक्तांकडची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी वेगळी आणि आयकराची ८०जी मान्यता वेगळी. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. ‘नोंदणीकृत संस्था’ एवढं वाचून आपण निर्धास्त होतो, ते चुकीचं आहे.

मग पावत्या. वर्षभराच्या १८७ पावत्या आणि ११२ देणगीदार. एकाच माणसाने चारदा दिलं असेल तर त्याची बेरीज करायची. प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार क्रमांक, रक्कम कशी आली, कायम निधीसाठी की इतर, हे सगळं ओळीने तक्त्यात भरायचं. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं, त्यामुळे वाचायला त्रास झाला नाही. पण ११२ पैकी ४१ जणांचा पॅन नव्हता, आणि त्यांतली एक मी होते. ऑक्टोबरात काकांनी मागितला होता तेव्हा मी थाटात ‘राहू द्या’ म्हटलं होतं. त्या रकान्यापुढे काकांनी पेन्सिलने ‘नको म्हणाल्या’ असं लिहून ठेवलेलं सापडलं.

पुढचा आठवडा फोन करण्यात गेला. अनोळखी बाई फोन करून पॅन मागते आहे म्हटल्यावर लोक फसवणुकीच्या शंकेने फोन ठेवायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. मग काकांनी स्वतः फोन केले. आवाज ओळखीचा, त्यामुळे काम झालं. एक आजोबा दरवर्षी पन्नास हजार देतात. ते म्हणाले, “माझं गुप्तदान आहे, नाव कुठेही नको.” त्यांना काकांनी फार छान समजावलं. अहवालात, फलकावर नाव छापणार नाही, पण वहीत असू द्या. कारण ज्या देणगीदारांची ओळखच संस्थेकडे नाही, त्यांच्या रकमा ठरावीक मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेलाच तीस टक्के दराने कर भरावा लागतो. ही मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांतली मोठी रक्कम. आजोबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या नम्रतेचा भार मुलांवर पडणार. मग घ्या लिहून.” मला माझं ऑक्टोबरातलं वाक्य आठवलं.

अखेर नऊ जणांची ओळख मिळालीच नाही. बाकीचा तक्ता तयार झाला, तेव्हा ज्या विश्वस्तांच्या डिजिटल सहीने तो पाठवायचा, तिची मुदत संपल्याचं कळलं. तिच्या नूतनीकरणात चार दिवस गेले. शेवटी २२ जूनला फॉर्म गेला. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर सगळ्यांची प्रमाणपत्रं उतरवून घेता आली. काकांनी माझं पहिलं छापलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

याची किंमत मात्र होती. १०बीडी उशिरा भरलं तर दर दिवसाला दोनशे रुपये विलंब शुल्क आहे. १ जूनपासून २२ दिवसांचे झाले ४,४००. माझा वाचणारा कर ७,५४० आणि मुलांच्या पैशांतून जाणार ४,४००. हे मनाला पटेना. संस्थेला ते कधी ना कधी भरावंच लागलं असतं आणि वेळ जाईल तसं वाढलं असतं, हे मला कळत होतं. शिवाय विवरण भरलंच नाही तर दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही ते ४,४०० मी माझ्या खात्यातून संस्थेला वळते केले, ऑनलाइन. आणि या वेळी पॅनसकट पावती मागून घेतली. मागताना आवाज चाचरला नाही.

विवरणपत्राचं उरलेलं काम अर्ध्या तासात झालं. एकच जागा महत्त्वाची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली, म्हणजे कमी दरांची पण बहुतेक वजावटी नसलेली, मूळ मानली जाते आणि तिच्यात ८०जी ची वजावट नाही. जुनी हवी असेल तर पगारदाराने विवरणपत्रातच तसं निवडायचं, तेही मुदतीच्या आत. उशीर झाला की जुनी प्रणाली हातची गेली आणि तिच्याबरोबर देणगीची वजावटही. मी दोन्ही बाजूंनी कर काढून पाहिला. नवीत ७८,०००, जुनीत देणगी न धरता ५९,८०० आणि देणगी धरून ५२,२६०. माझ्यासाठी फरक मुख्यतः गृहकर्जामुळे पडला. ज्यांच्याकडे कर्ज नाही, त्यांनी केवळ देणगीसाठी जुनी प्रणाली धरून ठेवण्यापूर्वी हा हिशोब कागदावर मांडावा. परतावा ऑगस्टच्या शेवटी जमा झाला, बरोबर ७,५४०.

त्या वर्षभरात माझ्याकडे या विषयाची चौकशी करणारे बरेच जण आले. बहिणीच्या नवऱ्याने एका आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी ऑनलाइन आवाहनातून वीस हजार दिले होते. त्याला वाटत होतं की वजावट मिळेल. पैसे थेट रुग्णाच्या कुटुंबासाठी गेले होते, मान्यताप्राप्त संस्थेला नव्हे, त्यामुळे मिळणार नव्हती. देणगी योग्य जागी गेली हे समाधान त्याला होतंच. एका सहकाऱ्याला विवरणपत्र भरून देणाऱ्याने सांगितलं होतं, “ऐंशी हजार ८०जी मध्ये दाखवून टाकू, कोण बघतंय?” हे ऐकून मी चिडले. खोटी माहिती देऊन कर चुकवला तर त्या कराच्या दोनशे टक्के दंड आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने बोगस वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभर सुमारे दीडशे ठिकाणी कारवाईही केली. पण माझा राग दंडापुरता नव्हता. अशा खोट्या दाव्यांमुळेच आमच्या काकांसारख्या माणसाला पंच्याहत्तरीत ११२ ओळींचा तक्ता भरावा लागतो.

आता देणगी देण्याआधी मी काय करते, ते सांगते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची नावं शोधता येतात, तिथे संस्था पाहते. मान्यता कधीपर्यंतची आहे ते विचारते. गेल्या वर्षीचं १०बीडी भरलं होतं का, हेही विचारते. याच एका प्रश्नावरून संस्थेचं कार्यालय कितपत जागं आहे ते कळतं. भरलं नसेल तर मी देणगी देत नाही असं नाही. मग विचारते की मदतीला येऊ का.

आणखी एक गोष्ट मला काकांकडून कळली, जी देणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. संस्थेला मिळालेल्या उत्पन्नातले किमान पंच्याऐंशी टक्के तिला साधारणपणे त्याच वर्षी कामावर खर्च करावे लागतात. मार्चच्या शेवटी मोठी देणगी आली की संस्थेची धांदल उडते. पण देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीत घ्यावी’ असं लेखी दिलं, तर ती या हिशोबाबाहेर राहते. मुद्दल सुरक्षित ठेवींत गुंतवायची आणि व्याज कामाला लावायचं. त्यामुळे २०२४-२५ मध्ये मी पन्नास हजार दिले, तेव्हा सोबत दोन ओळींचं पत्र दिलं. त्या व्याजातून श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या येतात. मुलांना त्या कायम लागतात आणि बॅटऱ्यांसाठी वेगळी देणगी फारसं कोणी देत नाही.

२०२५-२६ मध्ये माझा पगार १२,६०,००० होता. गृहकर्ज जवळपास फिटत आलं होतं. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली की माझं उत्पन्न बारा लाखांच्या आत येत होतं आणि कर शून्य होत होता. म्हणजे त्या वर्षी दिलेल्या देणगीवर मला एक रुपयाही वाचणार नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे आकडेही बदलले आणि काकांना ते पुन्हा पाठ करावे लागले.

मे २०२५ मध्ये आम्ही यादी १७ तारखेलाच पाठवली. १३१ देणगीदार होते आणि पॅन नसलेले फक्त तीन. नव्या पावतीपुस्तकावर नवा मान्यता क्रमांक आहे आणि पॅनसाठी दहा चौकोन छापून घेतले आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी देणग्यांच्या टेबलावर आता मी बसते. कोणी पाकिटाला हात घातला की क्यूआर कोड पुढे सरकवते. “राहू द्या हो, पावती कशाला,” असं कोणी म्हणालं की मी पेन उघडते आणि म्हणते, “आम्हाला हवी आहे. नाव सांगा.”